उपकक्षीय अग्निबाणांद्वारे पदार्थप्रक्रिया संशोधन

उपकक्षीय अग्निबाणांद्वारे पदार्थप्रक्रिया संशोधन : पृथ्वीभोवतीची कक्षा न गाठता दाट वातावरणाबाहेर जाऊन पुन्हा खाली येणाऱ्या अग्निबाणाच्या मुक्त पतनाच्या काळात धातू, मिश्रधातू, काच, अर्धसंवाहक इ. पदार्थ वितळविणे, मिसळणे व गोठविणे यांविषयी करण्यात येणारे संशोधन. हा काळ अग्निबाणाच्या आकारमानानुसार सु. पाच ते तेरा मिनिटांचा असतो. तेवढ्या अवधीत अग्निबाणातील पदार्थ जवळजवळ भारहीन असतात आणि या अवस्थेला सूक्ष्मगुरुत्व म्हणतात. गुरुत्वामुळे द्रवात उद्‌भवणाऱ्या हालचाली दूर केल्या असता पदार्थाची घडण कशी होते, हे पाहणे हा या प्रयोगांचा हेतू होय. अवकाशात माल तयार करण्याची पहिली पायरी म्हणून त्यांना आरंभी प्रसिद्धी मिळाली. प्रत्यक्षात त्यांचे फलित निराळेच निघाले. [⟶ अग्निबाण, भारहीनता].

सूक्ष्मगुरुत्व : अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते, ही समजूत चुकीची आहे. समुद्रसपाटीपासून २५० किमी. उंचीवर गुरुत्वीय प्रवेग जमिनीवरील मूल्यापेक्षा फक्त सात ते आठ टक्क्यांनी कमी असतो. भारहीनता येते ती गुरुत्व नाहीसे झाल्यामुळे नव्हे, तर पात्र आणि त्यातील पदार्थ एकाच प्रवेगाने पडत असल्यामुळे. रहाटाचा दोर तुटून पोहरा विहिरीत पडू लागला म्हणजे पाण्याला टेकेपर्यंतच्या एखाद्या सेकंदात पोहऱ्यातील पाण्याचा भार त्याच्या तळावर पडत नाही. इंधन जळून संपलेला अग्निबाणही असाच एक पोहरा होय. तो वर जात असतानाही, गतिविज्ञानाच्या दृष्टीने, पडतच असतो. म्हणून त्याची भारहीन अवस्था सर्वोच्च बिंदूशी सुरू न होता, इंधन संपून हवेचा विरोध नगण्य झाल्याच्या क्षणापासून सुरू होते आणि परतीच्या वाटेवर दाट हवा लागेपर्यंत टिकते.

ही अवस्था पूर्ण निर्दोष नसते. विरळ हवेचे घर्षण, अग्निबाणाचे उरलेसुरले परिवलन, पंख्यासारख्या फिरत्या भागांची थरथर यांमुळे थोडा प्रवेग शिल्लक राहतो. चांगल्या उड्डाणात तो जमिनीवरील गुरुत्वीय प्रवेगाच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. ‘शून्य गुरुत्व’ हा जुना शब्द मागे पडून ‘सूक्ष्मगुरुत्व’ हा शब्द रूढ झाला, त्याचे कारण हेच.

गुरुत्वाचे परिणाम : वितळलेला धातू एका बाजूने अधिक तापला की तेथील द्रव हलका होऊन वर चढतो आणि थंड, जड द्रव खाली उतरतो. या अभिसरणाला संनयन म्हणतात. चुलीवरील आधणात ते डोळ्यांनी दिसते. मुशीतील धातूत दिसत नाही, पण तेथेही ते चालूच असते. स्फटिक वाढत असताना त्याच्या पृष्ठभागाशी येणाऱ्या द्रवाचे तापमान व संघटन या प्रवाहांमुळे क्षणोक्षणी बदलते आणि बदलाची खूण स्फटिकात कायमची उमटते.

दुसरा परिणाम घटक वेगळे होण्याचा. ॲल्युमिनियम व शिसे यांचे उदाहरण बोधप्रद आहे. हे दोन धातू द्रवरूपातही तेल-पाण्याप्रमाणे एकमेकांत मिसळत नाहीत. अतिशय उच्च तापमानाला काही प्रमाणात मिसळले, तरी थंड होताना शिशाची थेंबुके अलग होतात. ॲल्युमिनियमात शिसे बारीक विखुरलेले राहिले, तर यंत्रातील धारव्यांसाठी उत्तम मिश्रधातू मिळेल, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. अडचण अशी की वितळलेल्या ॲल्युमिनियमाची घनता सु. २.४, तर शिशाची सु. १०.६ आहे. एक शतांश मिमी. त्रिज्येचे शिशाचे थेंबुक अशा द्रवात सेकंदाला सु. १.५ मिमी. वेगाने खाली बसते, म्हणजे एका मिनिटात सु. ९ सेंमी. उतरते. मूस गोठण्याआधीच शिसे तळाशी गेलेले असते. गुरुत्वाचा परिणाम दहा हजारपटींनी कमी केला, तर तेच थेंबुक सहा मिनिटांतही मिलिमीटरच्या सु. विसाव्या भागाइतकेच सरकेल. सूक्ष्मगुरुत्वाविषयी धातुविज्ञांना जे आकर्षण वाटले, त्याचे मूळ या साध्या गणितात आहे.

यांखेरीज द्रवाचा स्वतःच्या भाराने तळावर पडणारा दाब नाहीसा होतो आणि पदार्थाला पात्राची गरजही उरत नाही. वितळलेला धातू अधांतरी गोळा होऊन राहू शकतो. पात्राच्या भिंतीतून येणारी अशुद्धी टळते. तसेच भिंतीच्या स्पर्शाने अकाली सुरू होणारे घनीभवन टळून द्रव त्याच्या गोठणबिंदूच्या बराच खाली द्रवरूपातच थंड करता येतो. या क्रियेस अतिशीतन म्हणतात.

अवधीचा प्रश्न : मुक्त पतन मिळविण्याचे चार मार्ग आहेत आणि त्यांतील मुख्य फरक वेळेचा आहे. पहिला मार्ग उंच मनोऱ्यातून पेटी सोडण्याचा. जर्मनीतील ब्रेमेन येथील मनोऱ्यात ११० मी. पतनामुळे ४.७४ सेकंद मिळतात. तळातून पेटी वर फेकण्याची योजना २००४ मध्ये कार्यान्वित झाल्यापासून हा काळ सु. दुप्पट झाला. चेन्नई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या ज्वलन संशोधन केंद्रातील मनोऱ्यात २.५ सेकंद मिळतात. जपानने होक्काइदो बेटावरील कामिसुनागावा येथील बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या विहिरीत ४९० मी. पतनाची सोय केली होती व तीत १० सेकंद मिळत. १९९१ मध्ये सुरू झालेली ही सोय २००३ मध्ये बंद झाली. (खाणींच्या प्रदेशातील, म्हणजे नागपूर-चंद्रपूरकडील, वाचकास ही कल्पना ओळखीची वाटेल, मात्र नुसती खोल विहीर पुरत नाही, ती सरळ असावी लागते आणि पडणाऱ्या पेटीस हवेचा विरोध होऊ नये म्हणून विशेष योजना करावी लागते.) वेळ वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने उंची चौपट केली तरी अवधी दुप्पटच होतो; मनोऱ्यांची मर्यादा येथेच स्पष्ट होते.

दुसरा मार्ग विमान अन्वस्ताकार मार्गाने उडविण्याचा. प्रत्येक झेपेत २० ते २५ सेकंद मिळतात व प्रयोगकर्ता स्वतः उपकरणाजवळ राहू शकतो. पण विमानाच्या थरथरीमुळे शिल्लक प्रवेग शंभराव्या भागाच्या आसपास राहतो. चौथा मार्ग उपग्रह व अवकाशस्थानक यांचा. त्यात दिवस, महिने मिळतात; मात्र खर्च, प्रतीक्षा आणि सुरक्षिततेचे नियम हे सर्व त्याच प्रमाणात वाढते.

या दोहोंमधील पोकळी उपकक्षीय अग्निबाण भरून काढतो. सु. २५० किमी. उंची गाठणाऱ्या अग्निबाणात १०० किमी.वरील प्रवासास सु. सहा मिनिटे लागतात, ७०० किमी.वर जाणाऱ्या मोठ्या अग्निबाणात हा काळ बारा ते तेरा मिनिटांचा होतो. धातूचा लहान नमुना वितळून गोठण्यास सहा मिनिटे पुरतात. प्रयोगाच्या कल्पनेपासून उड्डाणापर्यंतचा काळ अवकाशस्थानकाच्या मानाने थोडा असतो, उड्डाणापूर्वी अगदी अखेरच्या तासांत नमुने आत ठेवता येतात आणि उड्डाणानंतर काही तासांतच ते हाती येतात.

उड्डाणातील क्रम : मौल्यवान मिनिटे तापविण्यात खर्ची पडू नयेत म्हणून भट्टी बहुधा जमिनीवरच तापवून ठेवतात. उड्डाणाच्या पहिल्या मिनिटभरात नमुन्यास गुरुत्वाच्या दहा-बारापट प्रवेग व तीव्र कंपने सोसावी लागतात. वितळलेला धातू या वेळी मुशीत घट्ट कोंडलेला असावा लागतो, अन्यथा प्रयोग सुरू होण्यापूर्वीच संपतो.

त्यापुढील अडचण परिवलनाची आहे. अग्निबाणाचा मार्ग स्थिर राहावा म्हणून त्यास स्वतःभोवती फिरते ठेवतात. सेकंदाला तीन फेरे होत असतील, तर अक्षापासून केवळ ५ सेंमी. अंतरावरील नमुन्यावर केंद्रोत्सारी प्रवेग गुरुत्वाच्या जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे अग्निबाण वातावरणाबाहेर पडला तरी नमुन्याच्या दृष्टीने भारहीनता आलेलीच नसते. हे परिवलन थांबविण्याची युक्ती साधी व सुंदर आहे. अग्निबाणाभोवती गुंडाळलेल्या दोन दोऱ्यांच्या टोकांना वजने असतात. ती सोडताच दोऱ्या उलगडून वजने दूर फेकली जातात आणि फिरण्याचा संवेग बरोबर घेऊन जातात. गोल फिरणारा नर्तक हात पसरून वेग कमी करतो, त्यातलाच हा प्रकार. उरलेले मंद परिवलन नायट्रोजन वायूच्या बारीक झोतांनी काढून टाकतात. मिनिटाला एक फेरा इतके ते खाली आले म्हणजे ५ सेंमी.वरील प्रवेग गुरुत्वाच्या लक्षांश भागाच्या सहापटीहूनही कमी होतो व प्रयोग सुरू करता येतो.

प्रयोग चालू असताना तापमान, दाब व चित्रे दूरमापनाने जमिनीवर येत राहतात आणि पुष्कळदा संशोधक जमिनीवरून आज्ञा पाठवून भट्टीचे तापमान बदलतो. परतीच्या मार्गावर हवा लागण्यापूर्वी नमुना गोठलेला असणे आवश्यक असते. त्यासाठी हीलियम वायू सोडून त्यास झपाट्याने थंड करतात. एवढे करूनही उतरताना द्रवाचा एखादा थेंब राहिला, तर वेग मंदावतानाच्या झटक्याने सर्व रचना बिघडते. शेवटी हवाई छत्री उघडते व हेलिकॉप्टर भार उचलून आणते. पदार्थप्रक्रियेच्या प्रयोगात नमुना परत मिळणे हीच खरी कसोटी असते. वातावरणाचे निरीक्षण करणाऱ्या अग्निबाणाची माहिती रेडिओने मिळाली की तो समुद्रात बुडाला तरी चालते, येथे मात्र माहिती गोठलेल्या धातूच्या पोटात असते.

इतिहास व निष्कर्ष : अमेरिकेत स्कायलॅब प्रयोगशाळेतील (१९७३–७४) व अपोलो-सोयूझ उड्डाणातील (जुलै १९७५) प्रयोगांनंतर अवकाशयान पुन्हा उडेपर्यंत काही वर्षांचा खंड पडणार होता. तो भरून काढण्यासाठी मार्शल अवकाश उड्डाण केंद्राने ‘स्पार’ हा कार्यक्रम आखला. कॅनडाच्या ब्लॅक ब्रँट अग्निबाणांचा उपयोग करून न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्स येथून डिसेंबर १९७५ पासून १९८३ पर्यंत ही उड्डाणे झाली. पश्चिम जर्मनीने १३ डिसेंबर १९७७ रोजी ‘टेक्सस’ मालिकेचा आरंभ केला. ब्रिटिश स्कायलार्क अग्निबाण आणि उत्तर ध्रुववृत्तापलीकडील, स्वीडनमधील किरूना जवळचे एस्रेंज केंद्र यांची त्यासाठी निवड झाली. पाच हजार चौ. किमी.हून अधिक जवळजवळ निर्जन भूमी उतरण्यास उपलब्ध असणे, हे त्या निवडीचे मोठे कारण होय. स्कायलार्कचे अखेरचे उड्डाण मे २००५ मध्ये झाले आणि त्याची जागा ब्राझीलच्या व्हीएसबी-३० या अग्निबाणाने घेतली. स्वीडनची ‘मेझर’ मालिका १९८७ मध्ये, सु. ७०० किमी. उंचीची ‘मॅक्सस’ मालिका १९९१ मध्ये (पहिले उड्डाण अयशस्वी) व जपानची ‘टीआर-१ए’ मालिकाही १९९१ मध्ये सुरू झाली. खाजगी उद्योगांना वाव देण्यासाठी अमेरिकेत मार्च १९८९ मध्ये ‘कन्सॉर्ट’ उड्डाणे सुरू झाली.

या उड्डाणांपैकी सर्वांत शिकविणारी उड्डाणे ती, ज्यांत अपेक्षाभंग झाला. ‘स्पार’मध्ये ॲल्युमिनियम व इंडियम यांचा न मिसळणारा जोड वितळवून गोठविण्यात आला. जड घटक तळाशी बसण्याचे कारण दूर झाल्याने इंडियम सर्वत्र बारीक विखुरलेले आढळेल, असा कयास होता. नमुना कापून पाहिला तेव्हा ॲल्युमिनियमाचा गाभा व त्याभोवती इंडियमाचे वेष्टन असे दोन ढोबळ भाग दिसले. गुरुत्व नसतानाही घटक वेगळे झाले होते. मुशीच्या भिंतीवर कोणता द्रव अधिक सहजपणे पसरतो, हा एक भाग आणि पृष्ठताणाचा परिणाम हा दुसरा, अशी कारणमीमांसा पुढे करण्यात आली. द्रवाचा पृष्ठताण तापमानानुसार बदलतो. त्यामुळे थेंबुकाच्या गरम व थंड बाजूंवरील ओढ असमान होऊन ते गरम बाजूकडे सरकते. इटालियन भौतिकीविज्ञ कार्लो मारांगोनी (१८४०–१९२५) यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. जमिनीवर तो होताच. गुरुत्वाच्या गलबल्यात ऐकू येत नव्हता इतकेच.

सिलिकॉनच्या स्फटिकांनी हीच गोष्ट अधिक स्वच्छपणे दाखविली. इलेक्ट्रॉनीय उपकरणांसाठी वाढविलेल्या सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेली अशुद्धी एकसारखी न पसरता तिचे सूक्ष्म पट्टे पडतात. हा दोष संनयनामुळे येतो असे सर्वसाधारण मत होते. फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात ‘टेक्सस’ उड्डाणांत लंबवर्तुळाकार आरशाची भट्टी वापरली. आरशाच्या एका नाभीशी दिवा व दुसऱ्या नाभीशी सिलिकॉनची कांडी ठेवून तिचा एक अरुंद पट्टा वितळविला (सिलिकॉनचा वितळबिंदू सु. १,४१४° से.). परत आलेल्या स्फटिकात पट्टे जमिनीवरच्यासारखेच होते! म्हणजे दोषी संनयन नव्हे, तर द्रवाच्या उघड्या पृष्ठभागावरील मारांगोनी प्रवाह होता. वितळलेल्या भागावर ऑक्साइडाचा पातळ थर देऊन तो पृष्ठभाग झाकल्यावर पट्टे नाहीसे झाले. कारखान्यात गुरुत्वाविरुद्ध काही करता येत नाही. पृष्ठभागाच्या बाबतीत मात्र पुष्कळ करता येते. सहा मिनिटांच्या उड्डाणाने संशोधनाची दिशाच बदलली, याचे याहून चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकास आढळत नाही.

नंतरच्या काळात गोठलेला नमुना कापून अनुमान करण्याऐवजी घनीभवन चालू असतानाच पाहण्यावर भर आला. ‘मेझर-१२’ उड्डाणात (२०१२) वजनी २० टक्के तांबे असलेल्या ॲल्युमिनियमाचे एका दिशेने होणारे घनीभवन क्ष-किरणांनी चित्रित करण्यात आले; वितळलेल्या धातूत फांद्याफांद्यांनी वाढत जाणारे स्फटिक सूक्ष्मगुरुत्वात वाढतानाच दिसले. विद्युत् चुंबकीय क्षेत्राने धातूचा थेंब अधांतरी धरून त्याच्या कंपनांवरून पृष्ठताण व श्यानता मोजण्याची पद्धतीही ‘टेक्सस-४२’पासून (२००५) या अग्निबाणांत वापरात आली. जमिनीवर थेंब उचलून धरण्यासाठी एवढे प्रबळ क्षेत्र लागते की त्यानेच तो ढवळला जातो व तापतो. भारहीन थेंबास सौम्य क्षेत्र पुरते. फ्ल्युओराइड काचांच्या बाबतीत, जमिनीवर तापविताना होणारे स्फटिकीभवन सूक्ष्मगुरुत्वात टळते, असे विमानातील व अग्निबाणातील प्रयोगांत आढळले आहे.

मर्यादा : वितळलेल्या धातूत अणू केवळ विसरणाने सहा मिनिटांत सरासरी सु. २ मिमी. अंतर जातात. यापेक्षा मोठ्या नमुन्यात संघटन समान होण्याची वाट पाहणे व्यर्थ असते. तासाला काही मिलिमीटर वाढणारे अर्धसंवाहकांचे स्फटिक किंवा दिवसेंदिवस चालणारी प्रथिनांची स्फटिके अग्निबाणाच्या कक्षेबाहेरच राहतात. उड्डाण बिघडले तर दुसरी संधी काही महिन्यांनी अथवा वर्षांनी येते, आणि एकाच नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष कितपत ग्राह्य मानावा, हा प्रश्न यशस्वी उड्डाणानंतरही उरतो. १९७०–८० या दशकात अवकाशातील कारखान्यांची, तेथे बनणाऱ्या निर्दोष स्फटिकांची व अपूर्व मिश्रधातूंची जी वर्णने छापून येत, त्यांतील कोणताही माल अग्निबाणातून बाजारात आला नाही. येणे शक्यही नव्हते. मिळाले ते ओतकामाच्या गणितास लागणारे अचूक गुणांक आणि अनेक चुकीच्या समजुतींचे निराकरण. साच्यातील धातू कसा गोठेल याचे भाकीत संगणकावर करताना श्यानता, पृष्ठताण व विसरण यांची मूल्ये खरी असावी लागतात. जमिनीवर मोजलेल्या विसरणाच्या मूल्यांत संनयनाची भेसळ असते. त्यामुळे या संशोधनाचा खरा ग्राहक अवकाशात नसून भूमीवरील ओतशाळेत आहे. नागपूरजवळ वाडी येथील जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रासारख्या (स्थापना १९८९) संस्थांच्या विषयाशी ते या मार्गाने येऊन भिडते.

भारत : भारताचा अवकाश कार्यक्रमच उपकक्षीय अग्निबाणाने सुरू झाला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून अमेरिकन नायके-अपाचे अग्निबाण सोडण्यात आला. थुंबा चुंबकीय विषुववृत्तालगत असल्याने तेथील प्रयोग प्रामुख्याने उच्च वातावरण व आयनांबर यांविषयीचे होते. या केंद्राच्या घडणीत मराठी भाषक शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. पहिल्या तुकडीतील प्रमोद काळे पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. वसंत गोवारीकर (१९३३–२०१५) थुंबा येथे १९६७ मध्ये रुजू झाले, घन इंधनाच्या विकासाची धुरा त्यांनी वाहिली व १९७९–८५ या काळात ते त्याच केंद्राचे संचालक होते. बर्मिंगहॅम येथे त्यांनी घन व द्रायू यांमधील उष्णतेच्या व द्रव्याच्या संक्रमणावर संशोधन केले होते. मुशीतील धातू गोठताना घडते ते हेच संक्रमण.

‘रोहिणी’ मालिकेतील आरएच-५६० हा द्विटप्पी अग्निबाण सु. १०० किग्रॅ. भार ४७० किमी. उंचीपर्यंत नेऊ शकतो. नुसत्या उंचीच्या हिशेबाने यात नऊ मिनिटांहून अधिक मुक्त पतन मिळते, म्हणजे ‘टेक्सस’पेक्षाही जास्त. परंतु ‘टेक्सस’ सु. ४०० किग्रॅ. भार नेतो. १०० किग्रॅ.मधून परिवलन थांबविण्याची साधने, वायुझोत, विद्युत् घट, दूरमापन, उष्णतारोधक कवच व हवाई छत्री यांचे वजन वजा केल्यावर भट्टीसाठी फारच थोडे उरते. शिवाय थुंबा व श्रीहरिकोटा या दोन्ही ठिकाणी अग्निबाण समुद्रात पडतो. वातावरणाच्या अभ्यासासाठी घडविलेले हे अग्निबाण त्या कामी उत्कृष्ट ठरले. आरएच-५६०चे मार्च २०२१ मधील उड्डाणही उच्च वातावरणातील वारे व आयनद्रायू यांच्या अभ्यासासाठीच होते.

परिणामी भारतीय पदार्थप्रयोगांनी अग्निबाणाची पायरी ओलांडून थेट कक्षा गाठली. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा यांच्या सॅल्यूट-७ वरील वास्तव्यात रुपे-जर्मेनियम मिश्रधातूच्या अतिशीतनाचा प्रयोग अंतर्भूत होता. १० जानेवारी २००७ रोजी पीएसएलव्ही-सी७ ने सोडलेले ५५० किग्रॅ.चे एसआरई-१ हे यान बारा दिवसांनी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरविण्यात आले. त्यात धातू वितळवून त्याच्या घनीभवनाचा अभ्यास करणारी भट्टी होती. दुसरा प्रयोग जमशेटपूरच्या राष्ट्रीय धातुवैज्ञानिक प्रयोगशाळेचा होता. भट्टी, भारहीनता व परतीचा प्रवास या तिन्ही गोष्टी भारतीय साधनांनी एकत्र साधण्याचा हा पहिला प्रसंग. १८ डिसेंबर २०१४ रोजी एलव्हीएम-३ च्या उपकक्षीय उड्डाणात ३,७७५ किग्रॅ.ची मानवी कुपी १२६ किमी. उंचीवरून समुद्रात उतरविली गेली. तिचा हेतू मात्र पुनःप्रवेश व हवाई छत्र्या यांची परीक्षा हा होता.

नागपूरचा संबंध अग्निबाणाच्या इंधनाच्या बाजूने येतो. स्फोटक द्रव्ये व अग्निबाण बनविण्याचा उद्योग या शहराभोवती पूर्वीपासून आहे. हैदराबादच्या स्कायरूट एरोस्पेस या खाजगी कंपनीने आपल्या ‘विक्रम-१’ या प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचे ‘कलाम-१००’ हे घन इंधनाचे एंजिन नागपूर येथील सोलर इंडस्ट्रीजच्या चाचणी केंद्रावर मे २०२२ मध्ये पूर्ण अवधीपर्यंत, म्हणजे १०८ सेकंद, जाळून पाहिले. निर्वातातील त्याचा कमाल रेटा १०० किलोन्यूटन आहे. याच कंपनीचा ६ मी. लांबीचा ‘विक्रम-एस’ हा उपकक्षीय अग्निबाण १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोटा येथून उडाला. तीन लहान भार घेऊन तो ८९.५ किमी. उंचीवर पोहोचला व बंगालच्या उपसागरात पडला. त्यात भट्टी नव्हती. हे उड्डाण एंजिन व नियंत्रण यांच्या परीक्षेसाठी होते. पदार्थप्रक्रियेसाठी असा अग्निबाण वापरावयाचा झाल्यास त्याची उंची किमान अडीचपट वाढवावी लागेल, परिवलन थांबविण्याची व्यवस्था बसवावी लागेल आणि समुद्रातून भार काही तासांत उचलून आणण्यासाठी नौका व हेलिकॉप्टर सज्ज ठेवावे लागतील. यांपैकी शेवटच्या कामाचा अनुभव एसआरई-१ व २०१४ मधील कुपी यांच्या निमित्ताने भारतीय नौदल व तटरक्षक दल यांच्यापाशी आहे.